मागुरांची बापाकडची बाजू

चांगली बातमी पोटात ठेवणं मला जमत नाही. म्हणून पहिल्या तपासणीचा निकाल हातात आला त्याच दुपारी मी प्रयोगशाळेतून सासऱ्यांना फोन लावला आणि सांगून टाकलं की बाबा, तुमचे मासे अस्सल निघाले. पलीकडे हौदात पाणी पडल्याचा आवाज आला आणि त्यांनी सावकाश विचारलं, सगळे? म्हटलं, सगळे. संध्याकाळी घराकडे निघाले तर न्हाव्यापासून औषधांच्या दुकानदारापर्यंत जो तो मला थांबवून माशांचं अभिनंदन करत होता. पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोराच्या आईला करतात तसं.

माझे सासरे मागूर माशांचं बी तयार करतात. घरामागे त्यांचे सिमेंटचे हौद आहेत, आणि हौदांच्या पलीकडे एक लहानसं तळं. मागूर म्हणजे मिशीवाला, अंगावर खवले नसलेला, बुळबुळीत मासा. पाण्याबाहेर काढला तरी ओल्या चिखलात बराच वेळ तग धरतो आणि वर आपल्याकडे रागानं बघतो. माझ्या नवऱ्याला त्याचा वाससुद्धा सहन होत नाही. माशांच्या पैशावर शिकून तो हिशेबनीस झाला आणि आता घरी आला की पुढच्या दारानं आत येऊन आधी खिडक्या लावून घेतो. मासे माझ्या वाट्याला आले ते असे, सासऱ्यांसकट.

मागुरांत एक गावठी आणि एक परदेशी. जाती वेगळ्या, पण नातं जवळचं, चुलतभाऊ म्हणा हवं तर. परदेशी आडवातिडवा वाढतो, समोर येईल ते खातो. गावठी आपला सावकाश, तब्येतीत वाढतो. दोघांचं आपसांत जमतं, हीच तर पंचाईत. व्यापाऱ्यांनी दोघांचा संकर करकरून विकला, त्यातले मासे निसटून गावाजवळच्या मोठ्या तलावात गेले, आणि आता तिथे अस्सल गावठी मागूर शोधून सापडत नाही म्हटलं तरी चालेल.

सासऱ्यांनी मात्र दोघांना कधी एकत्र येऊ दिलं नाही. पुढच्या हौदांत परदेशी, त्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकायची. मागच्या तळ्यात गावठी, ते विकायचे नाहीत. पुढचं पोटासाठी आणि मागचं जिवासाठी, असं ते सांगत. लोक हसत. तळं पोसण्यात उभी हयात गेली. मग मत्स्य खात्यानं ठरवलं की तलावात पुन्हा गावठी मागूर सोडायचा, आणि शुद्ध वाणाचा शोध घेत घेत त्यांची माणसं आमच्या मागच्या दारी येऊन उभी राहिली. अट एकच होती, वाणाची जनुकीय तपासणी. ते काम करणारी जवळची प्रयोगशाळा आमचीच. उगाच कोणी नावं ठेवायला नको म्हणून नमुने मी सहकाऱ्याच्या हवाली केले आणि निकाल येईपर्यंत नखं खात बसले.

त्या अभिनंदनाच्या संध्याकाळी सासरे मला म्हणाले, "त्या दिवशी मी गेलो नसतो ना, तर आज यातलं काही उरलं नसतं." आणि घाईघाईनं पाण्याचा पाइप उचलून दुसऱ्या हौदाकडे गेले.

तो दिवस सांगायला हवा, आणि त्याआधी सासूबाई.

मागूर हौदात काय, लहान तळ्यातही आपणहून अंडी घालत नाही. मादीला संध्याकाळी अंडी पिकवणाऱ्या औषधाची सुई द्यायची, सकाळी तिचं पोट हलक्या हातानं दाबून अंडी परातीत काढून घ्यायची. मादी जगते. नराचं तसं नाही. त्याचं पोट दाबून काही बाहेर येत नाही. त्याला मारून पोटातल्या वीर्याच्या पिशव्या काढाव्या लागतात, चिरून अंड्यांवर पिळाव्या लागतात. हे काम सासऱ्यांना कधी जमलं नाही. सुरी हातात घेतली की ते ती परत खाली ठेवायचे. ते सगळं सासूबाई करत. पदर खोचून यायच्या, नराच्या डोक्यामागे अंगठा फिरवायच्या, कारण परदेशी माशाचं कवटीचं हाड मागे टोकदार असतं आणि गावठीचं गोल, आणि मग एका झटक्यात काम उरकून हात धुवायला जायच्या. गल्लीत त्यांना दगडाच्या काळजाची म्हणत. त्यांनाही ते माहीत होतं, आणि भाजीवाल्याशी घासाघीस करताना त्याचा उपयोगही होत असे.

पाच वर्षांपूर्वी सासूबाई पोटाच्या दुखण्यानं इस्पितळात होत्या. त्या दिवशी सकाळी त्यांचं एकदम बिघडलं. सासरे उशाशी होते, मी पायथ्याशी. आदल्या संध्याकाळी घरी गावठी माद्यांना सुई देऊन झालेली होती, आणि एकदा सुई दिली की अंडी कोणासाठी थांबत नाहीत, वेळ टळली की परातीत नुसता चिखल उरतो. तळं त्या वर्षी रोगानं जवळजवळ रिकामं झालेलं, जे काही होतं ते या माद्यांच्या पोटात. सासूबाईंनीच सासऱ्यांना हाकललं. जा म्हणाल्या, अंडी काढून या, नर आज तुम्हीच मारा, काही होत नाही. ते गेले. ते परत यायच्या आत सासूबाई गेल्या.

त्या दिवशीच्या अंड्यांतून आजचं सगळं तळं उभं राहिलं. बोटुकली अशी काही फोफावली की बघत राहावं. सासरे म्हणाले, तिचा आशीर्वाद आहे. आम्हीही तेच म्हणालो. त्यानंतर त्यांनी गावठीची पैदास केली नाही, सुरी परत हातात घेतली नाही; परदेशी नर मारायला रोजंदारीवर एक पोरगा येऊ लागला. शेवटच्या वेळी जवळ नव्हतो याची बोच त्यांना होतीच, पण तिच्याशेजारी दुसऱ्या पारड्यात त्यांनी हे मासे ठेवले होते. तिला सोडून गेलो, पण वाण वाचला. एवढ्यावर ते पाच वर्षं रोज सकाळी उठत होते.

आता माझ्या हाताची खाज. खात्यानं मागितली होती ती तपासणी आईकडची. पेशीतल्या वारशाचा एक छोटा तुकडा फक्त आईकडून येतो, आणि तो वाचणं स्वस्त, झटपट. त्यावरून आई कोण ते बिनचूक कळतं. बाप कोण ते त्याला विचारू नये, त्याला ते ठाऊकच नसतं. खात्याला तेवढ्यावर समाधान होतं. मला स्वस्थ बसवेना. नमुने उरले होते, यंत्र रिकामं होतं, तलावात सोडायचे तर दोन्ही बाजू बघून सोडावेत असं म्हणत मी बापाकडचीही बाजू दिसेल अशी दुसरी तपासणी लावली. मनातून वाटत होतं, सासऱ्यांना आणखी एक फोन करता येईल.

निकाल पाहिला आणि मी तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. वारशाच्या प्रत्येक जागी दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. तळ्यातल्या एकूण एक माशात एक प्रत गावठी होती आणि दुसरी परदेशी. एखादा मासा भिंतीवरून उडी मारून आला असता तर एखाददुसऱ्यात दिसलं असतं. इथे सगळ्यांचाच बाप परका. पुन्हा करून पाहिलं, तेच.

काय झालं असेल ते समजायला मला यंत्राची गरज नव्हती. निवडलेले नर टबात काढून ठेवायची पद्धत होती, आणि त्या सकाळी तिथे दोन टब शेजारी शेजारी असणार, एक गावठी नराचा आणि एक परदेशी नरांचा. डोळे भरलेला माणूस आला, त्यानं एका टबात हात घातला, जन्मात पहिल्यांदा सुरी चालवली आणि परत इस्पितळाकडे धावला. बोटुकली का फोफावली तेही कळलं. परदेशी बापाची मुलं ती, फोफावणारच. त्यांच्या डोक्याचं हाड थोडं टोकाकडे झुकलेलं असणार आणि ते सासऱ्यांच्या हाताला लागलंही असेल, पण आपल्या पोराचं नाक कोण मोजत बसतं?

दोन-तीन दिवस मी तोंड चुकवत हिंडले. खात्यानं दुसरी तपासणी मागितलेली नव्हती. तपासलं सहकाऱ्यानं तरी शेवटची सही माझीच लागायची, आणि ती पहिल्या निकालावर करून कागद पाठवला असता तर कोणाला काही कळलं नसतं. सासऱ्यांचे मासे थाटात तलावात गेले असते. आणि तलावात कुठे कोपऱ्यात चार अस्सल मागूर उरले असतील तर तेही याच माशांशी जुळून संपले असते, आणि ते माझ्या सहीनं. हे मला करवणार नव्हतं, हे मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. पण त्यांच्या पारड्यातलं ते एवढंसं उचलून कसं घ्यायचं, हे काही केल्या सुचत नव्हतं. संध्याकाळी ते गमबूट घालून फाटकाशी उभे राहत, "काय डॉक्टरीणबाई, काय म्हणतात आमचे मासे?" असं विचारत, आणि मी बरे आहेत म्हणून आत सटकत असे.

त्या दिवसांत मी आणखी एक गोष्ट केली. त्या वेळच्या म्हाताऱ्या माद्या एका लहान हौदात अजून होत्या, आणि त्यांच्यात एक जाडजूड नर होता. सासरे त्याला जावई म्हणत, कारण तो बसून खायचा, काम शून्य, आणि हलवायला गेलं की फुगायचा. आमच्या घरात मुलगी नाही, त्यामुळे कोणाला लागण्यासारखं नव्हतं. हा आला कुठून, असं मी जेवताना सहज विचारलं. ते म्हणाले, ती गेली त्या दिवसांत टबात राहून गेलेला दिसला, टाकला माद्यांबरोबर, तेव्हा कुणाला शुद्ध होती. मी घास तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी जावयाच्या शेपटीचा कण प्रयोगशाळेत नेला. आई गावठी, बाप गावठी. जो मरायला हवा होता तोच हा.

रविवारी सकाळी सासरे हौदाच्या कठड्यावर जाळं धूत होते. नवरा घरात खिडक्या लावून पेपर वाचत होता. मी जाऊन शेजारी उभी राहिले आणि आडवळण न घेता सांगितलं.

"बाबा, मी दुसरी तपासणी केली. बापाकडची. तळ्यातले मासे निम्मे परदेशी आहेत."

ते आधी म्हणाले, यंत्र चुकलं असेल. मी म्हटलं, दोनदा केली. मग म्हणाले, पावसापाण्यात एखादा मासा सरपटत गेला असेल तळ्यात. मी म्हटलं, एखाददुसरा नाही बाबा, सगळेच. जाळं त्यांच्या हातात तसंच राहिलं. त्या सगळ्या माशांचा जन्म एकाच सकाळचा होता, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा वर करून त्याच्याकडे पाहिलं. "डोकं चाचपलं नाही मी," ते म्हणाले. "ती चाचपायची. मी नुसता पकडला आणि डोळे मिटून घेतले."

त्यांनी विचारलं, मग आता हे तलावात जायचे नाहीत ना? म्हटलं, नाही. गेले तर उरलेसुरले तेही बिघडतील. त्यावर ते क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, मग कळव खात्याला, आजच कळव, उगाच गाडी घेऊन दारात येतील. मी मनात इतक्या तऱ्हांनी या वाक्याची तयारी केली होती, आणि ते त्यांनीच माझ्या हातातून काढून घेतलं.

मग मी जावयाची गोष्ट सांगितली. तो शुद्ध आहे, म्हाताऱ्या माद्याही शुद्ध आहेत, त्यांच्यापासून पुन्हा सुरू करता येईल. आणि त्याला मारायचीही गरज नाही. माझ्या ओळखीचा एक प्राण्यांचा डॉक्टर माशाला बेशुद्ध करून पिशवीचा तुकडा काढतो आणि टाके घालतो. सासरे एवढंच म्हणाले की म्हणजे जावयाचं ऑपरेशन, आता तर त्याच्याशी बोलायचीच सोय राहणार नाही. हसलेही थोडं. मला वाटलं, निभावलं.

पण ते हसू लगेच विरलं. त्यांनी पालथा टब ओढून घेतला आणि त्यावर बसले. समोर तळ्यात ते मासे मधूनच हवा घ्यायला वर येत होते आणि पुन्हा खाली जात होते.

"म्हणजे मी तिच्यापाशी थांबलो असतो तरी चाललं असतं," ते म्हणाले.

याच वाक्याची मला धास्ती होती. यावर मी तयार केलेली सगळी उत्तरं, जावई वाचला, माद्या वाचल्या, चूक कोणाच्याही हातून होते, ही सगळी तोंडापर्यंत आली आणि मला स्वतःलाच पोकळ वाटली. मला या माणसाची अतोनात माया वाटली, आणि माझ्याकडे त्यांना द्यायला एकच गोष्ट होती. ती मी पाच वर्षं राखून ठेवली होती, कारण ती ऐकून त्यांना लागेल असं वाटायचं.

मी त्यांच्यासमोर ओल्या फरशीवरच बसले.

"बाबा, तुम्ही खोलीतून गेलात, दार लागलं, तेव्हा आईंनी मला खिडकीतून बघायला लावलं. जिन्यावरून उतरले का, फाटकाबाहेर पडले का. मी म्हटलं, हो, गेले. तर म्हणाल्या, 'सुटले बाई. हे समोर असले की मला धड कण्हताही येत नाही. यांचा चेहराच बघवत नाही. बरे कामाला आले मासे.'"

त्यांनी मान वर केली. "मासे कामाला आले, असं म्हणाली?"

"हो."

"म्हणजे मला माशांसाठी नव्हतं पाठवलं."

"नाही बाबा."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं मला धाडस होईना. वाटलं, आता हे उठून आत जातील आणि महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत. ते उठले नाहीत. हातातल्या जाळ्याची गाठ सोडवत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी तरी कुठं माशांसाठी गेलो होतो. मलाच बघवत नव्हतं तिच्याकडे. ती जा म्हणाली आणि मी सुटलो. अंडी काय, गेली असती तर गेली असती. पाच वर्षं सगळ्या गल्लीला सांगतोय वाण वाचवायला गेलो म्हणून."

मी त्यांचा हात धरला. ओला, गार, माशांच्या वासाचा हात. मी रडत होते आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही. त्यांनी दुसऱ्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं, जरा जोरातच.

"मग कण्हली का ती?" त्यांनी विचारलं. "मी गेल्यावर?"

"हो बाबा. चांगल्या मोठमोठ्यानं. शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली बघायला. मलाही दोन शिव्या घातल्या, पाणी उशिरा दिलं म्हणून."

"मोठ्यानं ना?"

"अगदी मोठ्यानं."

"बरं झालं," ते म्हणाले. जाळं त्यांनी कठड्यावर वाळत टाकलं, नीट पसरून, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा एकदा म्हणाले, "बरं झालं."